नवाचे दहा : लांब पल्ल्याच्या विमानातले वाढीव आसन येते कुठून?

प्रश्न असा आहे : बोइंग 777 विमानाच्या इकॉनॉमी वर्गात पूर्वी एका रांगेत नऊ आसने असत, आता बहुतेक कंपन्यांच्या त्याच विमानात दहा दिसतात. विमान तर रुंद झालेले नाही. मग ही दहावी जागा आली कुठून, तिच्यावर कोणाचा अंकुश आहे की नाही, आणि मुंबईहून अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या वयस्कर आई-वडिलांचे तिकीट काढताना नेमके काय पाहावे? विमानांच्या अंतर्भागातील आसनमांडणी हाच माझा व्यवसाय असल्यामुळे उत्तर सविस्तर देतो. 'कंपन्या लोभी आहेत' एवढ्यावर थांबणारी उत्तरे या विषयात भरपूर मिळतात. ती चुकीची नसली तरी अपुरी आहेत.

सुरुवात मोजमापापासून करू. 777 च्या अंतर्भागाची कमाल रुंदी 5.86 मीटर, म्हणजे सुमारे 231 इंच आहे. आसनाची रुंदी आमच्या धंद्यात दोन आर्मरेस्टच्या (हात टेकवायच्या दांड्यांच्या) आतल्या कडांमध्ये मोजतात. तीन-तीन-तीन अशा, म्हणजे ये-जा करण्याच्या दोन वाटांनी (मार्गिकांनी) विभागलेल्या तीन गटांच्या मांडणीत साडेअठरा इंचांची नऊ आसने धरली तर साडे 166 इंच होतात. प्रत्येक गटाला आसनांपेक्षा एक आर्मरेस्ट जास्त लागत असल्याने एकूण बारा आर्मरेस्ट येतात. प्रत्येकी दोन इंच धरल्यास 24 इंच. उरलेल्या जागेत एकोणीस इंचांच्या दोन मार्गिका बसतात आणि भिंतींलगत मिळून अडीच इंच शिल्लक राहतात. आता तीन-चार-तीन करून पाहा. सतरा इंचांची दहा आसने म्हणजे 170, तेरा आर्मरेस्टचे 26, सतरा इंचांच्या दोन मार्गिकांचे 34, आणि भिंतींशी उरतो जेमतेम एक इंच. कंपनीगणिक हे आकडे अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतात, पण हिशोबाची जात हीच.

म्हणजे दहाव्या प्रवाशाला आसन आणि आर्मरेस्ट मिळून एकोणीस इंच हवे होते. त्यांपैकी साडेतेरा इंच आधीच्या नऊ प्रवाशांनी प्रत्येकी दीड-दीड इंच देऊन पुरवले, चार इंच मार्गिकांतून आले आणि दीड इंच भिंतीलगतच्या फटीतून. विमानाने स्वतःच्या अंगचे काहीही दिले नाही. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हाही नेमके हेच होते. फरक इतकाच की तिथला चौथा 'जरा सरका' म्हणून विचारतो आणि पुढच्या एखाद्या स्टेशनला उतरतो, इथे पुढचे स्टेशन न्यूयॉर्कजवळचे नेवार्क असले तर ते सोळा तासांनी येते.

मार्गिकांतून काढलेल्या चार इंचांकडे प्रवाशांचे फारसे लक्ष जात नाही, परंतु त्यांचा त्रास केबिन कर्मचाऱ्यांना आणि मार्गिकेलगत बसणाऱ्यांना रोज होतो. जेवणाच्या ट्रॉलीची रुंदी सुमारे 30 सेंटिमीटर, म्हणजे बारा इंच. एकोणीस इंचांच्या मार्गिकेतून ती जाताना दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच सुटतात, सतरात अडीचच. झोपेत बाहेर आलेला गुडघा किंवा कोपर मग हमखास ठोकरला जातो. मार्गिका याहून अरुंद करण्यावर मात्र कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकी नियमांनुसार, वीस किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात मार्गिका जमिनीपासून 25 इंच उंचीपर्यंत किमान 15 इंच आणि त्यावर किमान 20 इंच रुंद असलीच पाहिजे. युरोपचा नियमही असाच आहे. आता आर्मरेस्टपाशी सतरा इंच असलेली मार्गिका वर वीस इंच कशी भरते, असा प्रश्न पडेल. मार्गिकेकडच्या आर्मरेस्टचा माथा 25 इंचांच्या आत ठेवतात आणि आसनाची पाठ त्या आर्मरेस्टच्या दोन इंच आत असते, म्हणून दोन्ही बाजूंचे मिळून वरचा आकडा 21 होतो आणि तपासनीस सही करतो.

दहावे आसन नंतर कोणाच्या तरी डोक्यातून निघाले, हा समज चुकीचा आहे. रुंद विमानांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक विमान एका आकड्यावर विकले गेले आणि पुढच्या आकड्यावर चालवले गेले. 747 हे विमान 1970 मध्ये सेवेत आले तेव्हा त्याच्या इकॉनॉमीत एका रांगेत नऊ आसने होती. काही वर्षांतच ती दहा झाली आणि आज 747 म्हटले की दहाचीच रांग डोळ्यांसमोर येते. डीसी-10 आठावर सुरू झाले आणि दोन-पाच-दोन अशा नवावर स्थिरावले. 777 ची पहिली प्रवासी सेवा 1995 मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने सुरू केली, तीही दोन-पाच-दोन अशी. परंतु बोइंगच्या आराखड्यात दहाची मांडणी पहिल्यापासून होतीच आणि एमिरेट्ससारख्या कंपन्यांनी ती बऱ्याच आधी उचलली. बाकीच्या जगाने मात्र वाट पाहिली. 777-300ईआर या मोठ्या प्रकाराची 2010 मध्ये जी विमाने कंपन्यांच्या हाती गेली, त्यांत दहाच्या रांगेची सुमारे 15 टक्के होती. 2012 मध्ये हेच प्रमाण जवळपास 70 टक्क्यांवर गेले. इंधन महाग झालेली ती वर्षे होती आणि एकाने केले की दुसऱ्याला थांबणे परवडत नाही. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने नऊची रांग दीर्घकाळ टिकवली होती. तिनेही 2018 पासून आपली 777 दहावर नेली.

बोइंगच्याच 787 चे तर याहून लवकर झाले. अंतर्भाग 5.49 मीटर, म्हणजे सुमारे 216 इंच रुंद असलेले हे विमान सुरुवातीला दोन-चार-दोन अशा आठच्या ऐसपैस रांगेने दाखवले जात होते. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांनी नऊची मांडणी मागवली आणि आसन सुमारे 17.2 इंचांवर आले. एअर इंडियाची 787 विमाने 2012 मध्ये आली तीच मुळी तीन-तीन-तीन घेऊन. इंडिगोने 2025 मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टर या सेवांसाठी भाड्याने घेतलेली 787-9 विमानेही तशीच आहेत. आठची रांग जपणारी ठळक कंपनी म्हणजे जपान एअरलाइन्स. तिच्या 787 च्या इकॉनॉमीत बसल्यावर हे विमान मूळ कल्पनेत कसे होते ते कळते.

बोइंगची प्रतिस्पर्धी असलेल्या एअरबसची बाजू सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही, आणि त्यात थोडी गंमतही आहे. 2013 मध्ये एअरबसने लांब पल्ल्यासाठी किमान अठरा इंचांचे आसन हे जागतिक प्रमाण असावे, अशी जाहीर मोहीम काढली. लंडनच्या एका निद्राकेंद्राकडून करून घेतलेल्या अभ्यासाचा हवालाही दिला : सतराऐवजी अठरा इंच मिळाल्यास झोपेची प्रत 53 टक्क्यांनी सुधारते. निष्कर्ष मला खोटा वाटत नाही, पण त्या वेळी एअरबसच्या ए330, ए350 आणि ए380 या तिन्ही विमानांना सर्वसाधारण मांडणीत अठरा इंच सहज जमत होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या 777 ला दहाच्या रांगेत जमत नव्हते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पुढे 2015 मध्ये याच एअरबसने ए380 च्या खालच्या मजल्यावर तीन-पाच-तीन अशी अकराची रांग सुचवली. ती कोणी घेतली नाही. फ्रान्सच्या एअर कॅराइब आणि फ्रेंच बी या कंपन्यांनी ए350 मध्ये दहाची रांग बसवली. फ्रेंच बीच्या ए350-1000 मध्ये 480 प्रवासी बसतात. त्यानंतर एअरबसने ए350 च्या भिंतींची आतली आवरणे पातळ करून सुमारे चार इंच वाढवले, त्यामुळे दहाच्या रांगेतही सतरा इंच मिळू लागले. अठरा इंचांचा आग्रह धरणाऱ्याने सतरा इंचांची सोय करून द्यावी, यात मला आश्चर्य वाटत नाही. विमान बनवणारा विमान विकत घेणाऱ्याचे ऐकतो, आणि ते विकत घेणारे आपण नसतो.

सर्वांत दाटीचे उदाहरण मात्र ए330 चे आहे. सुमारे 208 इंचांच्या त्या केबिनमध्ये दोन-चार-दोन ही अठरा इंचांची मांडणी इतकी नेमकी बसते की प्रवाशांना ते विमान आपोआप आवडते. फिलिपिन्सच्या सेबू पॅसिफिकने त्यातच तीन-तीन-तीन करून ए330-300 मध्ये 436 आसने बसवली. मलेशियाची एअर एशिया एक्सही नऊच ठेवते. तिथे आसन साडेसोळा इंचांवर येते. चार तासांच्या स्वस्त प्रवासासाठी हा व्यवहार समजू शकतो, त्याहून लांब मी स्वतः जाणार नाही.

आता पैशाचे. नवाचे दहा केल्याने इकॉनॉमीची आसने अकरा टक्क्यांनी वाढतात. वैमानिक, विमानतळाचे शुल्क, विमानाचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता यांत काहीच वाढत नाही. इंधन वाढते, पण किती? मोठ्या 777 मध्ये तीस प्रवासी वाढले आणि प्रत्येकी सामानासह शंभर किलो धरले तर तीन टन होतात. उड्डाणावेळी या विमानाचे कमाल वजन 351 टन असते. वाढीव वजन वाहून नेण्यासाठी दर तासाला त्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के इंधन जास्त जळते, म्हणजे सोळा तासांना दीड टनाच्या आसपास. एवढ्या खर्चात तीस तिकिटे विकायला मिळत असतील तर ती नाकारणारा व्यवस्थापक भागधारकांपुढे फार काळ उभा राहू शकत नाही. एअर कॅनडाने 2013 मध्ये दाट मांडणीची 777-300ईआर आणली, तेव्हा तिच्या आधीच्या विमानातली 349 आसने 458 झाली. त्यात बिझनेस वर्ग आखडल्याचा आणि नवाचे दहा केल्याचा, दोन्हींचा वाटा आहे. केबिन कर्मचाऱ्यांचा खर्च थोडा वाढू शकतो, कारण दर पन्नास आसनांमागे एक कर्मचारी हा नियम अमेरिकेत आणि भारतातही आहे. स्वच्छतागृहांबाबत असे काही प्रमाण ठरलेले नाही, आणि ते जाणवतेही.

हे सगळे पैसे कंपनीच्या खिशात जातात असेही नाही. स्पर्धेच्या मार्गांवर मोठा भाग भाड्यातून प्रवाशाकडे परत जातो, म्हणूनच तर स्वस्तातले स्वस्त तिकीट निवडणारे आपण सगळे या व्यवहारात सामील आहोत. उलट, फारच लांब पल्ल्यावर हे गणित बिघडते. इंधनाचाच भार इतका होतो की विमान पूर्ण भरून उडू शकत नाही आणि बसवलेले आसन रिकामे न्यावे लागते. सिंगापूर एअरलाइन्स सिंगापूर ते नेवार्क या मार्गावर ए350-900 चा जो खास प्रकार वापरते, त्यात अवघी 161 आसने आहेत आणि इकॉनॉमी वर्गच नाही.

मांडणी बदलणे म्हणजे जुनी आसने काढून नवी ठेवणे, इतके ते सोपे नसते. आसने जमिनीतल्या लांबट रुळांवर बसतात. रुळांना एकेक इंचावर खाचा असतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या रांगांतले अंतर, ज्याला पिच म्हणतात, ते इंचाइंचाने सहज बदलता येते. रुंदीच्या दिशेने मात्र रूळ हलत नाहीत. म्हणून चार आसनांच्या गटाचे पाय रुळांच्या सोयीने पडतात, प्रवाशांच्या नव्हे, आणि कोणाच्या तरी पायांच्या बरोबर मध्ये आसनाचा धातूचा पाय येतो. याशिवाय प्राणवायूच्या मुखवट्यांची संख्या आसनांपेक्षा किमान दहा टक्के जास्त असावी लागते, त्यामुळे छतातल्या पेट्या बदलतात. जीवनरक्षक जाकिटे, करमणुकीच्या पडद्यांच्या (स्क्रीनच्या) तारा, वाचनदिवे सगळे नव्याने मांडावे लागते, आणि गुरुत्वबलाच्या सोळापट धक्क्याची चाचणी पार केलेलीच आसने बसवावी लागतात. विमान काही आठवडे जमिनीवर राहते. एवढा खर्च करूनही कंपन्या हे करतात, यावरून त्या एका आसनाची किंमत कळावी.

अंकुशाबद्दलचे उत्तर निराशाजनक आहे. प्रवाशाच्या सोयीसाठी आसनाची किमान रुंदी ठरवणारा नियम भारतात, अमेरिकेत किंवा युरोपात नाही. जे नियम आहेत ते सुरक्षिततेचे, आणि ते रुंदीवर आडून परिणाम करतात. कोणत्याही आसनापासून मार्गिकेपर्यंत जाताना दोनपेक्षा जास्त आसने ओलांडावी लागू नयेत, हे तत्त्व पाळले जाते. म्हणून खिडकीकडे तीनच आसने असतात, चार कधीच दिसत नाहीत. दुसरी अट नव्वद सेकंदांची : निम्मी दारे बंद धरून, सर्व प्रवासी व कर्मचारी दीड मिनिटात बाहेर पडू शकतात हे निर्मात्याने दाखवावे लागते. ए380 ची ही चाचणी 2006 मध्ये हॅम्बर्गला झाली आणि 873 माणसे 78 सेकंदांत बाहेर आली. दारांवरूनही कमाल संख्या ठरते. सर्वांत मोठ्या प्रकारच्या दारांच्या एका जोडीमागे 110 प्रवासी, म्हणून पाच जोड्यांच्या 777-300ईआर ला 550. या विमानाच्या लांब पल्ल्याच्या मांडण्या तीनशे ते साडेचारशेच्या घरात असल्यामुळे ही मर्यादा त्यांना शिवतच नाही. थोडक्यात, सुरक्षेचा नियम ज्या भिंतीपाशी अडवेल ती भिंत अजून बरीच दूर आहे.

अमेरिकेत यावर न्यायालयीन लढाई झाली. फ्लायर्स राइट्स या प्रवासी संघटनेच्या याचिकेवर 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने हवाई वाहतूक प्रशासनाला फटकारले. न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांनी निकालात या प्रकरणाला आकसत चाललेल्या आसनाचे अजब प्रकरण म्हटले. 2018 च्या कायद्याने अमेरिकी संसदेने किमान मापे ठरवण्याचे कामही त्या प्रशासनाकडे सोपवले. त्यानंतर ओक्लाहोमा सिटी येथे 2019-20 मध्ये 775 स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष निघाला की सध्याच्या मापांमुळे बाहेर पडण्याच्या वेगावर परिणाम होत नाही. परंतु हे स्वयंसेवक साठीच्या आतले, धडधाकट प्रौढ होते. मुंबई-नेवार्क विमानाच्या दारात चाकाच्या खुर्च्यांची जी रांग लागते, ती पाहिलेल्या कोणालाही या नमुन्याची मर्यादा समजावून सांगावी लागणार नाही. 2022 मध्ये लोकांची मते मागवली गेली, हजारोंनी ती आली. 2023 मध्ये त्याच न्यायालयाने संघटनेची पुढची मागणी फेटाळली. ब्रिटनने 1985 च्या मँचेस्टर विमानतळावरील आगीनंतर, ज्यात 55 जण दगावले, दोन आसनांमधल्या पुढच्या-मागच्या जागेसाठी किमान 26 इंचांचे बंधन आणले होते; तेही लांबीचे, रुंदीचे नव्हे.

रुंदीचा विषय मागे पडतो याचे कारण माझ्या मते असे आहे. गुडघे पुढच्या पाठीला टेकले की प्रवासी लगेच बोलतो, म्हणून पिचची चर्चा सर्वत्र होते, आणि कंपन्याही पाठी पातळ करून ती जागा थोडीफार परत देतात. रुंदीची तूट मात्र खांद्यावर येते. पाश्चात्त्य पुरुषाच्या खांद्यांची सरासरी रुंदी 49 सेंटिमीटरच्या आसपास असते. भारतीय सरासरी थोडी कमी धरू. सतरा इंच म्हणजे 43 सेंटिमीटर. कमरेला आसन पुरते आणि खांद्याला पुरत नाही. दोन धडधाकट पुरुष शेजारी आले की एक जण सबंध रात्र मार्गिकेकडे किंवा खिडकीकडे झुकून काढतो. आर्मरेस्टवरून होणाऱ्या कुरबुरींचे मूळ शेजाऱ्याच्या स्वभावात नसून या सहा सेंटिमीटरांत आहे. शिवाय रुंदी तिकीट काढताना दिसत नाही. भाडे, वेळ, सामानाचे वजन सगळे पडद्यावर असते. आसन सतरा इंच की साडेअठरा, हे सहसा नसते. जी गोष्ट ग्राहकाला दिसत नाही तिच्यासाठी तो जास्त पैसे देणार नाही, आणि जिच्यासाठी तो पैसे देत नाही ती कंपनी जपणार नाही. किमान रुंदीचा कायदा होईल तेव्हा होवो, तिकिटावर इंच छापण्याची सक्ती तरी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आजही करता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधल्या वर्गाचा, म्हणजे प्रीमियम इकॉनॉमीचा, उदय याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. तैवानच्या एव्हा एअरने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हा वर्ग आणला, पण तो सर्वदूर पसरला तो मागे दहाच्या रांगा आल्यावर. 777 मध्ये तो सहसा दोन-चार-दोन असतो. एअर इंडियाच्या ए350 मध्ये 24 आसने अशा वर्गात आहेत आणि मागे 264 आसने तीन-तीन-तीन अशा रांगांत. मागचा वर्ग जितका आवळावा तितका मधला वर्ग विकायला सोपा, हे कोणी बैठकीत उघड बोलत नाही; आकड्यांचा तक्ता मात्र बोलतो.

आता आपल्या आई-वडिलांचे तिकीट. सर्वांत आधी विमानाचा प्रकार पाहावा आणि मग आसन निवडण्याच्या पानावर एका रांगेतली आसनांची अक्षरे मोजावीत. ए330 मध्ये आठ, ए350 मध्ये नऊ, ए380 च्या खालच्या मजल्यावर दहा असतील तर आसन अठरा इंचांच्या आसपास आहे असे खुशाल समजावे. 777 मध्ये नऊ दिसली तर ती संधी सोडू नये. सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या 777-300ईआर मध्ये ती राखली आहे, आणि अमेरिकेच्या डेल्टाने 2019 च्या डिसेंबरात मुंबई-न्यूयॉर्क सेवा सुरू केली तेव्हा तिच्या 777 मध्येही नऊचीच रांग होती, पण 2020 मध्ये ती विमानेच निवृत्त झाली. 777 मध्ये दहा किंवा 787 मध्ये नऊ दिसली तर सतराच्या आसपास. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या विमानांत दोन मांडण्या असू शकतात, म्हणून कंपनीच्या लौकिकावर विसंबू नये.

दहाची रांग टाळता येत नसेल तर जागा नीट निवडावी. तीन-चार-तीन मध्ये दहांपैकी चौघे मार्गिकेलगत असतात, चौघांना एका शेजाऱ्याला उठवावे लागते आणि खिडकीतल्या दोघांना दोघांना. ज्येष्ठ जोडप्यासाठी मधल्या चारच्या गटातली मार्गिकेकडची दोन आसने मला सर्वांत योग्य वाटतात : एक जण थेट मार्गिकेत, दुसऱ्याला फक्त आपल्याच माणसाला उठवायचे. खिडकीचा हट्ट या वयात धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दोन ते तीनपट होतो; एकूण धोका साधारण सहा हजारांत एक इतका अल्प आहे, पण त्याचे मूळ आसनाच्या रुंदीपेक्षा न उठता बसून राहण्यात आहे, आणि खिडकीतला माणूस भिडेपोटी उठत नाही.

777 च्या शेपटीकडे विमान निमुळते होत जाते, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या शेवटच्या काही रांगा दोन-चार-दोन होतात. आसन तेवढेच असते, पण खिडकीकडे दोघेच आणि भिंतीशी थोडी मोकळी जागा. स्वच्छतागृहाजवळचा आवाज सहन होत असेल तर ही जोडी दहाच्या विमानातली सर्वोत्तम जागा आहे. याउलट, सगळे जिच्यासाठी धावतात ती पुढच्या भिंतीलगतची रांग पायांना मोकळी असली तरी रुंदीला कमी असते. तिथे जेवणाचे फळकूट आणि पडदा आर्मरेस्टमध्ये दडवलेला असल्याने आर्मरेस्ट जाड आणि पक्के असतात, आसन इंचभर आकसते आणि मधला दांडा वर करता येत नाही. बांध्याने मोठ्या व्यक्तीने तिथे जादा पैसे भरून बसू नये. इतर रांगांत मार्गिकेकडच्या आर्मरेस्टच्या खालच्या बाजूला, मागे बिजागराजवळ, बहुधा एक छोटी कळ असते. ती दाबली की तो दांडाही वर जातो. गुडघे दुखणाऱ्यांना बसता-उठताना याचा फार उपयोग होतो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो खाली हवा.

आसने निवडून झाल्यावरही निघण्याच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी आरक्षण पुन्हा उघडून पाहावे. विमानाचा प्रकार बदलला की संगणक आसने आपोआप नव्या मांडणीत टाकतो, आणि नऊच्या रांगेतली मार्गिकेची जागा दहाच्या रांगेत मधली होऊन बसते. अक्षर तेच राहिले तरी जागा तीच असेलच असे नाही. बदल दिसला तर विमानतळावर पोहोचेपर्यंत थांबू नये. पैसे देऊन घेतलेली जागा बदलली असेल तर कंपनीला लगेच फोन करून तशीच जागा किंवा भरलेले पैसे परत मागावेत.